मास्टर आदुसेईची पाच सेकंदं

कुमासी शहराच्या असाफो भागात मास्टर आदुसेईला कुणी "काय मास्टर, बरं आहे ना?" असं विचारलं, तर विचारून लगेच पुढं जाऊ नये. थांबावं. उत्तर येतं, पण पाच सेकंदांनी. आधी तो तुमच्याकडं बघतो, मग जरा मागं रेलतो, डोळे बारीक करतो, आणि मग कुठं म्हणतो, "बरं आहे." नवख्या माणसाला वाटतं बाबा रागावलाय, नाहीतर कानानं अधू आहे. तसलं काही नाही हो. सतरा वर्षं व्हिडिओ टेपच्या मशिनांच्या संगतीत काढली की माणसाचं असंच होतं.

ही मशिनं अशी आहेत, की 'चल' म्हटलं की चालत नाहीत. टेपवरचं चित्र जिथून हवं, तिथून पाच सेकंदं ती आधी मागं जातात, मग धावत येतात, वेग पकडतात, आणि बरोबर जागेवर आली की मग कामाला लागतात. लांब उडी मारणारा चार पावलं मागं जाऊन धावत येतो, त्यातलाच प्रकार. त्या मागं जाण्याला धंद्यात प्रीरोल म्हणतात. मशिनांचं एक वेळ ठीक आहे. पण माणसानं बायकोला "मीठ दे" म्हणायलासुद्धा प्रीरोल घ्यावा म्हणजे काय!

त्याची बायको पोकुआ त्याच्या कामाच्या खोलीच्या दारातच केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी विकते, आणि मासळीबरोबर नवऱ्याचीही थोडी थोडी विक्री करते. "आमच्या लग्नात," ती गिऱ्हाइकांना सांगते, "वडीलधाऱ्यांनी मला रीतीप्रमाणं तीनदा विचारलं, नवऱ्यामुलाकडची ही दारूची बाटली स्वीकारू का? मी तीनदा हो म्हणून मोकळी झाले. मग ह्यांना म्हणाले, जावईबापू, आता आभार माना. अहो, माझी आत्या तेवढ्यात परसात जाऊन हात धुऊन आली!"

मास्टरची खोली म्हणजे शवपेट्यांच्या दुकानामागची एक लांबट, बिनखिडकीची जागा. पुढं पेटी विकत घ्यायची, मागं येऊन अंत्यविधीच्या टेपची ऑर्डर द्यायची. गिऱ्हाइकाला पायपीट नाही. खोलीत एका टेबलावर दोन मशिनं. डावीकडचं दाखवणारं, उजवीकडचं उतरवून घेणारं. दोन्हींच्या मागून एकेक जाड केबल निघते आणि मधल्या एका बुटक्या पेटीत जाते. त्या पेटीवर बटणं आहेत आणि बशीएवढी एक गोल चकती. चकती हळू फिरवली की चित्र मुंगीच्या पावलानं सरकतं, जोरात फिरवली की मेलेली माणसं उलटी चालत घरी परत येतात. ही पेटी म्हणजे कंट्रोलर. मास्टर तिला ओच्यामे म्हणतो.

ओच्यामे म्हणजे राजाचा बोलका. आमच्याकडं राजाशी कुणी थेट बोलत नाही. राजा समोर बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू येत असतं, पण तुम्ही ओच्यामेला सांगायचं आणि ओच्यामेनं राजाला. मास्टरची मशिनंही तशीच. हुकूम पेटीला द्यायचा, पेटी दोघांना सांगणार, दोघं एकदम मागं जाणार, एकदम धावत येणार, आणि ठरल्या क्षणी एक दाखवणार, दुसरं उतरवणार. मशिनावर थेट बोट ठेवलं की मास्टरचं डोकं फिरलंच. एकदा एका हेडमास्तरांनी सासऱ्याच्या टेपची घाई झाली म्हणून सरळ मशिनाचं बटण दाबलं. मास्टरनं काम थांबवलं. म्हणाला, राजाच्या अंगाला हात लावलात, दंड भरा. हेडमास्तरांना थंड पेयाची बाटली आणावी लागली, आणि "चुकलो" असं त्या बुटक्या पेटीला सांगावं लागलं. पेटी कुठली पितेय! बाटली मास्टरनंच संपवली.

पण देव असतो. प्रत्येक मशिनावर एक छोटा खटका असतो. एका बाजूला केला की मशीन पेटीचं ऐकतं, दुसऱ्या बाजूला केला की फक्त स्वतःच्या बटणांचं. एका शुक्रवारी मशीन पेटीला जुमानेना. मास्टरनं केबल काढली, तिच्या नऊच्या नऊ पिना कापसानं पुसल्या, दुसरी केबल लावली, पेटीचं झाकण उघडलं, मशीन विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपारी पोकुआ जेवण घेऊन आली आणि म्हणाली, "हा खटका एकाचा इकडं आणि एकाचा तिकडं का रे?" त्या दिवशी मास्टरची पाच सेकंदं चांगली मिनिटभर चालली. त्याच सकाळी धूळ पुसताना खटका त्यानं स्वतःच सरकवला होता.

असा हा माणूस. आता त्याचं काम. अंत्यविधी आमच्याकडं शनिवारी होतो, सगळं गाव काळ्या-तांबड्या कापडात येतं, आणि घरातलं निम्मं माणूस परदेशात असल्यामुळं त्या सगळ्याची टेप तिकडं जावी लागते. आणि टेप करून घ्यायला येणारा प्रत्येक जण मास्टरच्या कानाशी लागून एकच गोष्ट सांगतो: तेवढ्या अमक्याला काढ. धाकटी म्हणते थोरलीला काढ. थोरली म्हणते धाकटीच्या माहेरच्यांना काढ. मास्टर काढतो. त्याचा नियम साधा आहे. चित्र जिथून सुरू करायचं त्या खुणेला 'इन' म्हणतात, संपवायचं त्याला 'आउट'. इनच्या उजवीकडं गिऱ्हाइकाचं राज्य, आणि डावीकडं जे काही राहिलं ते कुणाचंच नाही. ते मशिनानं धावत यायला वापरायचं आणि विसरायचं. प्रीरोलमध्ये त्यानं काय काय बघितलं असेल! मोठ्यानं रडायला सुरुवात करण्याआधी दात कोरणारे, भाषणाआधी बायकोवर खेकसणारे. पण बाहेर शब्द नाही. पोकुआलासुद्धा नाही, म्हणजे बघा.

हा नियम मोडला तो म्हाताऱ्या बिरागोच्या टेपच्या वेळी.

बिरागो केजेतिया बाजारातल्या कांदेवाल्यांची राणी होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेली. मागं एक मुलगी, न्यार्को. कापडाची व्यापारी, अंगानं भरलेली, जिभेला हाड नाही. एक मुलगा, ओबिरी. नऊ वर्षं हँबुर्गला. आणि बिरागोचा भाऊ, म्हणजे या दोघांचा मामा, ओपानिन जाबा (ओपानिन म्हणजे वडीलधारा), सगळ्या घराण्याचा प्रमुख. आमच्याकडं घराण्याचं आसन मुलाला जात नाही, भाच्याला जातं. तेव्हा जाबानंतर ओबिरीच. म्हाताऱ्यानं त्याला तसा हाताशी धरून वाढवलाही होता. पण ओबिरी एके दिवशी न सांगता विमानात बसला, आणि मामा संतापून चारचौघांत बोलून गेला, "मी जिवंत असेतो मला तोंड दाखवू नकोस." बिरागोनं मुलाची बाजू घेतली. मग भावानं बहिणीच्या घराची वाट सोडली ती सोडलीच. ती आजारी पडली तरी आला नाही.

सोमवारी सकाळी न्यार्को मास्टरच्या खोलीत आली तेव्हा हे सगळं तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"ओबिरीचा फोन आला होता, मास्टर. कागदपत्रांपायी त्याला येता आलं नाही. रडत होता. एकच विचारलं त्यानं, मामा आईपाशी उभा राहिला का? म्हणाला, उभा राहिला असेल तर मी वर्षश्राद्धाला येईन, त्यांच्या पाया पडेन. नसेल तर ते घर मला बंद. मी सांगितलं, नाही राहिला. खुर्चीत बसून होता दिवसभर, लोकांचे हात हातात घेत. बहिणीच्या पलंगापाशी क्षणभर तरी गेला का? नाही! तेव्हा मला या टेपमध्ये त्या माणसाची सावलीसुद्धा नकोय."

मास्टर मागं रेलला, डोळे बारीक केले. "बरं," तो म्हणाला.

"आणि माझा नाच पुरा पाहिजे."

नाच म्हणजे आडोवा, आमच्याकडचा मयतीतला हातांचा नाच. आईला सोन्यानं मढवून पितळी पलंगावर ठेवलं होतं, आणि न्यार्को तिच्यासमोर नाचत आत आली होती. रडत रडतच, पण हातांची बोटं कशी! गावात त्या नाचाची चर्चा झाली होती, आणि चर्चा करणाऱ्यांत ती स्वतः पहिली होती.

त्या वर्षी धरणात पाणी नव्हतं. वीज बारा तास यायची आणि बारा तास जायची. मास्टरनं सोमवारचा दिवस आणि मंगळवारची सकाळ मान मोडून काम केलं आणि दोन तासांची टेप पुरी केली. जाबाला त्यानं असा वगळला, की खुर्ची दिसते, खुर्चीवरचा माणूस नाही. टेप नेणार होते न्यार्कोच्या चर्चचे पाद्री; मंगळवारी संध्याकाळी साडेसहाच्या बसनं अक्रा, तिथून विमान. आणि वीज जाणार सहाला.

दुपारी बाराला न्यार्को टेप बघायला आली. विसाव्या मिनिटाला तिचा नाच आला, एकोणीस सेकंदं चालला, आणि ती उठून उभी राहिली.

"माझा पाय कुठंय?"

"कुठला पाय?"

"दारातून आत पडला तो! पहिलं पाऊल! तेच तर खरं होतं!"

मास्टरनं मूळ टेप डावीकडच्या मशिनात घातली, इनची खूण एक पाऊल मागं घेतली आणि काही न उतरवता नुसती तालीम घेतली. दोन्ही मशिनं पाच सेकंदं मागं गेली, धावत आली. त्या पाच सेकंदांत पडद्यावर एक म्हातारा पाठमोरा वाकून चपलांत पाय सारत होता, आणि खांद्यावर कापड ओढत मागच्या दारानं बाहेर जात होता. मग न्यार्कोचं पाऊल पडलं.

"तो बघा! तो इथं कसा आला? काढा त्याला!"

"तो टेपवर येत नाही, आँटी. ती नुसती धाव आहे."

"येता कामा नये," न्यार्को म्हणाली, "मी चार वाजता येते," आणि गेली.

मास्टरनं आधीच्या दृश्याचा शेवटचा सेकंद खाऊन तिचं पाऊल बसवलं. काम संपलं होतं. पोकुआनं केंके आणून ठेवले होते, ते निवत होते. पण त्याचा हात चकतीवरच राहिला. काल हा नाच बसवताना ती धाव त्यानं चार वेळा बघितली होती, आज पुन्हा, आणि दर वेळी त्याला तेच खटकत होतं. मेलेल्याच्या खोलीत घराण्याचा प्रमुख चपला घालतोय. म्हणजे त्यानं आधी काढल्या होत्या. आणि आमच्याकडं प्रमुख माणूस कुणापुढं चपला काढत नाही. काढल्या म्हणजे त्यानं स्वतःला खाली ठेवलं, हात जोडले, चुकलो म्हणाला.

त्यानं चकती मागं फिरवली.

खोली रिकामी. कॅमेरावाल्याला मास्टरनंच तंबी दिलेली, की काही घडण्याच्या चांगलं अर्धं मिनिट आधी कॅमेरा चालू करून ठेव, नाहीतर माझ्या मशिनांना धावायला जागा उरत नाही. तो बिचारा कॅमेरा कोपऱ्यात तिकाटण्यावर चालू ठेवून न्यार्कोला बोलवायला गेलेला. आणि जाबा एकटा आत येतो. इकडं तिकडं बघतो. चपला काढतो. खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत खाली घेतो, आणि उघड्या पायांनी, उघड्या अंगानं, पलंगापाशी उभा राहतो.

"बिरागो," तो म्हणतो, "मला उशीर झाला. दोन वर्षं रोज तुझ्याकडं यायला चपला घालत होतो, आणि रोज उंबऱ्याशी काढून ठेवत होतो. आता काढल्यात, बघ, तुझ्यापुढं." मग बाहेर ढोल वाजतात आणि म्हातारा गडबडून चपला शोधायला लागतो.

मास्टरच्या पाठीमागं नाक ओढल्याचा आवाज आला. ताट न्यायला आलेली पोकुआ पदराला डोळे पुसत उभी होती.

"दाखव तिला," ती म्हणाली.

"इनच्या डावीकडचं मी कुणाला..."

"चुलीत घाल तुझी डावी बाजू! पोरगा तिकडं बसलाय वाट बघत, आणि हा इथं नियम सांगतोय!"

"गिऱ्हाईक नको म्हणालं होतं."

"गिऱ्हाइकानं हे बघितलं नव्हतं. तूही नव्हतं बघितलंस. आता बघितलंयस, आता तुझी सुटका नाही."

सतरा वर्षांत मास्टरला कुणी असं कोंडीत पकडलं नव्हतं. एक सरळ रस्ता होता: टेप डब्यात घालायची, पाद्र्याच्या हातात द्यायची, आणि जेवायचं. कुणाला कधी कळलं नसतं. त्यानं केंकेचं ताट बाजूला सारलं.

चारला न्यार्को आली. केस नवे करून आली होती, कारण पाद्र्याला निरोप द्यायला सगळं चर्च जमणार होतं. मास्टरनं तिला खुर्ची दिली. चकती फिरवली आणि मूळ टेप चालू केली.

ती पहिल्यांदा बघताना तोंडानं चालूच होती: "हे काय? याला काढायला सांगितलं होतं ना मी?" मग तिनं खुर्ची पुढं ओढली.

"परत दाखवा."

परत दाखवलं.

"आवाज वाढवा."

वाढवला. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ती म्हणाली, "नाटक आहे. कॅमेरा बघितला असणार त्यानं."

"आँटी," मास्टर म्हणाला, "कॅमेरा बघितला की माणूस पोट आत घेतो. सतरा वर्षं बघतोय, पाद्री असो, आमदार असो. या म्हाताऱ्याचं पोट बघा."

न्यार्कोनं पोट बघितलं. तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती टेबलावर डोकं ठेवून अशी रडू लागली, की पोकुआनं धावत येऊन आधी पेटी बाजूला सरकवली आणि मग तिच्या पाठीवर हात ठेवला. मशिनाची किंमत पोकुआलाही कळते.

"मी ओबिरीला सांगितलं, उभा नाही राहिला," न्यार्को म्हणाली. "आता मी खोटी ठरणार."

"ठर की एकदा," पोकुआ म्हणाली. "मी रोज ठरते. अंगाला भोकं पडत नाहीत."

न्यार्कोनं नाक पुसलं आणि घड्याळ बघितलं. तिच्यातली व्यापारीण जागी झाली. "बरं. घाला हे टेपमध्ये. माझ्या नाचाच्या आधी."

आता इथंच घोडं पेंड खातं. टेप म्हणजे अंत्यविधीला मांडलेली खुर्च्यांची ओळ. सगळे क्रमानं बसले की मध्ये नवा माणूस घुसवता येत नाही. घुसवायचा तर त्याच्यापुढच्या प्रत्येकाला उठवून एकेक खुर्ची सरकवा. विसाव्या मिनिटाच्या पुढची एक तास चाळीस मिनिटं पुन्हा बसवायची म्हणजे दोन दिवस. हातात दोन तासही नव्हते. एकच उपाय: बसलेल्या कुणाला तरी उठवायचं आणि त्याच्या जागी, बरोबर तेवढ्याच जागेत, म्हाताऱ्याला बसवायचं. म्हाताऱ्याला जागा लागत होती वीस सेकंदं.

"मग उठवा ना कुणाला तरी," न्यार्को म्हणाली. "ते चर्चचं गाणं काढा."

"टेप नेणार कोण?"

"पाद्री."

"गाणं कुणाचं?"

न्यार्कोनं जीभ चावली. मग म्हणाली, "आमदार."

"तो मयतीला आलाच टेपसाठी."

"माझ्या सासरचे आले तो भाग?"

पोकुआनंच कानाला हात लावला. "अगं बाई, सासूबाई घड्याळ लावून बसतील!"

"कांदेवाल्या बायका?"

"त्या तुमच्या आईच्या बायका आहेत," मास्टर म्हणाला. "त्यांना उठवायला मी कोण?"

असं एकेकाचं नाव निघत गेलं, आणि प्रत्येकाच्या मागं कुणी ना कुणी होतं. शेवटी नावं संपली. मास्टर पडद्याकडं बघत राहिला, पोकुआ छताकडं. दोघांनी न्यार्कोकडं मुद्दाम बघितलं नाही.

"माझा नाच किती आहे?" तिनं विचारलं.

"वीस सेकंदं."

"पावलासकट?"

"पावलासकट."

"ते पाऊल तुम्ही आजच बसवलंत ना हो?"

"हो, आजच."

न्यार्कोनं आपल्या हातांकडं बघितलं. पोकुआ पुढं कित्येक महिने हे सांगायची: एवढी मोठी बाई, पण हाताची बोटं अशी एकदा नाचाची केली तिनं, आणि मिटून घेतली.

"अर्धा नाही का राहणार? दहा सेकंदं?"

"मग म्हातारा अर्धाच बोलेल."

"उठवा मला," न्यार्को म्हणाली. "आई तर बघून गेली माझा नाच."

मास्टरनं इन लावला, आउट लावला. आउट त्यानं दोनदा तपासून बघितला, कारण तिथं चुकलं तर उजवीकडचं मशीन थांबत नाही, पुढचंही खात सुटतं. आणि पुढं होते न्यार्कोचे सासरचे. तालीम घेतली. दोन्ही मशिनं मागं गेली, धावत आली, म्हातारा जागच्या जागी उभा राहिला, आणि "तुझ्यापुढं" म्हणून झाल्यावर सासूबाई कापड सावरत बरोबर आल्या.

"बटण मी दाबू?" न्यार्कोनं विचारलं.

मास्टरनं तिचं बोट धरून पेटीवर ठेवलं. तिनं दाबलं. पाच सेकंदं तिघंही श्वास धरून बसले, आणि मग मशिनावरचा लाल दिवा लागला.

टेप गेली. त्यानंतर एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. न्यार्को रोज शवपेट्यांच्या दुकानाशी थांबून विचारायची, "काही कळलं?" जसं काही हँबुर्गचा फोन मास्टरच्या पेटीत येणार होता. तिच्या फोनलाही ओबिरी उत्तर देईना. मास्टर केबलच्या पिना पुसायला लागला. त्या खराब नसताना पुसायला लागला की ओळखावं, माणूस घोर लावून बसलाय. त्याला वाटायला लागलं, आपण उगाच लोकांच्या घरात हात घातला. ओबिरीनं बघितलं असेल आणि टेप फेकून दिली असेल. बहिणीनं एक सांगितलं, टेप दुसरं सांगते; पोरगं कुणावर विश्वास ठेवील?

चौथ्या आठवड्यात, भर सकाळी, ओपानिन जाबा काठी टेकत खोलीत आला. मास्टर उठून उभा राहिला. म्हातारा खुर्चीत बसला, दोन्ही मशिनांकडं, पडद्याकडं, पेटीकडं बघितलं, आणि काठी जमिनीवर आपटली.

"माझे उघडे पाय जर्मनीला पाठवलेस ते तूच ना?"

मास्टरनं डोळे बारीक केले. पोकुआ मासळी तशीच कढईत टाकून आत आली. "आजोबा, काय बोलायचं ते मला बोला. मी सांगितलं त्यांना."

"तू गप गं. तुझी मासळी जळतेय." म्हाताऱ्यानं दम घेतला. "काल कोपऱ्यावरच्या फोनवाल्याची पोरगी धावत आली. म्हणे हँबुर्ग. नऊ वर्षं, मास्टर! वाटेनं मी सगळी तयारी केली. शिव्या दिल्या तर काय बोलायचं, रडला तर काय बोलायचं. फोन कानाला लावला. आणि तो शहाणा मला काय म्हणतो?"

"काय म्हणाला?"

"म्हणतो, मामा, तुमचे पाय इतके का सुजलेत? डॉक्टरला दाखवलेत का?"

म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकली.

"मी त्याला म्हटलं होतं, तोंड दाखवू नकोस. आणि हा तिथं बसून माझे पाय बघतोय. म्हणतो, या चपला टोचत असतील तुम्हाला, इथं सुजल्या पायांचे बूट मिळतात, माप पाठवा. वर्षश्राद्धाला येताना घेऊन येतो म्हणाला. आता मला सांग, माप कसं पाठवतात? एकाहत्तर वर्षांत माझ्या पायाचं माप कुणी घेतलेलं नाही. चांभार नुसत्या नजरेनं करतो."

मास्टरनं टेपांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून जमिनीवर पसरला. म्हाताऱ्यानं चपला काढल्या आणि त्याच्यावर उभा राहिला. मास्टर गुडघ्यावर बसून पेन्सिलीनं रेघ ओढायला लागला. पाय खरंच फार सुजलेले होते. टाचेशी पेन्सिल वळवताना त्याला एका हातानं घोटा धरावा लागला.

"उजवा जास्त आहे," म्हातारा वरून म्हणाला. "तो नीट काढ. त्याला दिसू दे."

"दिसेल, ओपानिन."

"आणि खाली लिही."

"काय लिहू?"

"लिही, मामा वाट बघतोय." म्हाताऱ्यानं वाकून अक्षरं बघितली. "नको, तसं नको. खोड ते. लिही, माप घाईत घेतलंय, चुकलं असेल. स्वतः येऊन नीट घे."